ॲप म्हणतं ८७ टक्के रविवर्मा, मग चित्र खरं धरायचं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सासऱ्यांच्या जुन्या घरात माळ्यावर वीणा घेतलेल्या सरस्वतीचं चित्र सापडलं, खाली उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत रविवर्म्यांची सही आहे, मुलाने मोबाईलवर फोटो काढून एका एआय ॲपमध्ये टाकला तर ‘८७ टक्के अस्सल’ असा रिपोर्ट आला. आता एक घेणारा उभा राहिलाय, तो म्हणतो ह्या रिपोर्टवर मी पैसे मोजतो, चित्र दुबईला न्यायचंय. तुम्ही विचारताय विश्वास ठेवू का, आणि मुलाचं म्हणणं असं की एआय आता कोणाच्याही शैलीत हुबेहूब चित्र काढतं तर खरं-खोटं हा प्रश्नच कशाला उरतो.

मी मुंबईत चोवीस वर्षं जुन्या चित्रांचं काम करते, म्हणजे फाटलेला कॅनव्हास सांधणं, सुटत चाललेला रंग परत बसवणं, काळं पडलेलं वॉर्निश उतरवणं. चित्र कोणाचं आहे हे ठरवणं हे माझं थेट काम नाही पण दर दुसरं माणूस तेच विचारत येतं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत येणाऱ्यांच्या हातात चित्राच्या आधी असा रिपोर्ट असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, त्या माणसाकडून एक रुपयाही घेऊ नका. कारण बघा, रविवर्मा हे १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली राष्ट्रीय कलानिधी ठरवलेल्या चित्रकारांपैकी आहेत, त्यांचं मूळ काम विकत घेऊन भारतात ठेवता येतं पण खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे चित्र खरं असेल तर दुबईला पाठवणं गुन्हा, आणि खोटं असेल तर तुम्ही रविवर्मा म्हणून दुसरंच काहीतरी विकलंत. दोन्हीकडून तुम्हीच अडकता. जो माणूस ह्या व्यवसायात आहे त्याला हे माहीत असतंच, त्यामुळे तो इतक्या घाईत का आहे हे मला फार खटकतंय.

आता चित्राकडे येऊ. तुमच्या वर्णनावरून मला पहिली शंका ही येते की ते रंगवलेलं चित्र आहे की छापलेलं. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि पुढे श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला, पण छपाई नंतरही कितीतरी वर्षं चालू राहिली. लक्ष्मी आणि सरस्वती ही तिथली सगळ्यात खपलेली चित्रं, महाराष्ट्रातल्या देवघरांत, पेढ्यांवर, वाड्यांच्या ओसरीवर ती पोचली. ह्या छपाईला ओलिओग्राफ म्हणतात. दगडावर चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक रंग छापत जायचं, मग वरून वॉर्निश द्यायचं आणि कधीकधी कागदावर कॅनव्हासच्या विणीचा ठसाही उठवायचा, त्यामुळे लांबून तैलचित्रच वाटतं. सही पण छापलेलीच असते! कडेला खाली चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव असायचं पण फ्रेम करताना लोक तो पांढरा काठ कापून टाकायचे, आणि तिथेच ओळख हरवायची. शिवाय घरोघरी ह्या छापांवर खरी जर, टिकल्या, कापड चिकटवून देवीला सजवायची हौस होती, कोणी वरून तैलरंगाने गिरवलेलंही असतं. माझ्याकडे आलेल्या एका छापावर साडीचा अख्खा पदर नंतर कोणीतरी तैलरंगात काढला होता, इतका सुरेख की रंगाचा थर हाताला लागत होता, आणि घरच्यांची खात्री होती की हे तैलचित्रच.

हे बघायला दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, सोनाराकडे असतं तसं. चेहऱ्यावर, गालापाशी, जिथे रंग हळूहळू गडद होत जातो तिथे धरा. हाताने रंगवलेलं असेल तर ब्रशच्या रेघा, रंगाचे उंचवटे, एका रंगात ओला असतानाच मिसळलेला दुसरा रंग दिसेल. छापलेलं असेल तर बारीक दाणे आणि ठिपके दिसतील, कुठेकुठे एका रंगाची कडा दुसऱ्याच्या बाहेर केसभर सरकलेली दिसेल कारण दगड तंतोतंत जुळला नाही. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते तुमच्या ॲपला करताच येत नाही कारण त्याच्यापुढे मोबाईलचा फोटो आहे, वरून काच असेल तर काचेतून काढलेला. छाप असेल तर वाईट वाटून घेऊ नका, मळवलीचे जुने चांगले छाप आता लोक जपून गोळा करतात आणि तुमच्या घरात ते चार पिढ्या पूजेला असेल तर त्याचं मोल तुम्हाला मी सांगायला नको.

समजा भिंगाखाली ते खरोखर हाताने रंगवलेलं निघालं. मग ८७ चा अर्थ काय लावायचा?

ही यंत्रं शिकतात कशी तर त्यांना एका चित्रकाराच्या चित्रांचे भरपूर फोटो देतात आणि सांगतात ही त्याची, मग दुसऱ्यांच्या चित्रांचे, नकलांचे फोटो देतात आणि सांगतात ही त्याची नाहीत. यंत्र फोटोचे छोटे छोटे तुकडे करून त्यातले नमुने पकडतं, कडा कशा आहेत, रंग शेजारी शेजारी कसे येतात, फटकारे कुठल्या दिशेचे. नंतर तुमचा फोटो आला की तो कुठल्या ढिगाच्या जवळ जातो ते आकड्यात सांगतं. म्हणजे ८७ हा आकडा तुमच्या फोटोचं त्याच्याकडच्या फोटोंशी असलेलं साम्य आहे. चित्र अस्सल असण्याची शक्यता ८७ टक्के, असं ते नाहीच, जरी रिपोर्टवर तसं छापलं असलं तरी.

हिशोबच करून दाखवते, आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा ‘आमच्याकडे रविवर्मा आहे’ म्हणून हजार चित्रं आली आणि त्यातली वीस खरी आहेत. यंत्र खूप चांगलं आहे, दर शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगतं. मग वीस खऱ्यांपैकी अठरांना ते खरं म्हणेल, आणि उरलेल्या ९८० खोट्यांपैकी ९८ ना पण खरंच म्हणेल. म्हणजे ‘अस्सल’ असा शिक्का मिळालेल्या ११६ चित्रांत खरोखर अस्सल फक्त अठरा, शंभरात पंधरा-सोळा. यंत्र चांगलं असूनही! कारण खोटी चित्रं मुळातच इतकी जास्त फिरतायत. हा हिशोब कुठल्याच रिपोर्टवर नसतो आणि घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांनाही तो कोणी सांगत नाही, ह्याचा मला मनापासून राग येतो.

परदेशातलं एक उदाहरण देते. इंग्लंडमध्ये ‘द ब्रेसी टोंडो’ नावाचं मेरी आणि बाळ येशूचं एक गोल चित्र आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॅडफर्ड आणि नॉटिंगहॅम ह्या दोन विद्यापीठांतल्या संशोधकांनी चेहरे ओळखणाऱ्या एआयने त्याची तुलना राफाएल ह्या जुन्या इटालियन चित्रकाराच्या प्रसिद्ध ‘सिस्टीन मॅडोना’ ह्या मेरीच्या चित्राशी केली, आईचा चेहरा ९७ टक्के जुळला, बाळाचा ८६ टक्के, आणि निष्कर्ष काढला की दोन्ही चित्रं एकाच चित्रकाराची असणार. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या आर्ट रेकग्निशन कंपनीच्या एआयने तेच चित्र तपासलं आणि सांगितलं, ८५ टक्के खात्रीने राफाएलचं नाही. चित्र एकच आणि दोन यंत्रांची दोन टोकं. कारण साधं आहे, पहिलं यंत्र चेहरे जुळवत होतं आणि दुसरं हाताची पद्धत बघत होतं, आणि चेहरा तर नक्कल करणाऱ्याचाही जुळणारच, नक्कल म्हणजे तीच की. कुठलाही टक्का बघितला की आधी विचारायचं, टक्का नेमका कशाचा?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत रुबेन्स ह्या जुन्या युरोपियन चित्रकाराचं म्हणून लावलेलं ‘सॅमसन आणि डिलायला’ आहे, १९८० मध्ये २५ लाख पौंडांना घेतलेलं, त्यावर आधीपासून वाद होताच, २०२१ मध्ये ह्याच स्विस कंपनीच्या यंत्राने ते ९१ टक्के रुबेन्सचं नाही असं म्हटलं. गॅलरीने पाटी बदलली नाही. यंत्र बरोबर की गॅलरी ह्यावर मी इथे बसून बोलणार नाही, पण तिथे निदान भांडायला दोन्ही बाजूंकडे काहीतरी आहे, रुबेन्सवर शंभर वर्षांचा अभ्यास आहे, शेकडो चित्रांचे उत्तम फोटो आणि एक्स-रे आहेत.

आपल्याकडे काय आहे? इथे माझा खरा मुद्दा येतो. आपल्या चित्रकारांसाठी यंत्राला शिकवायला स्वच्छ माहितीच नाही. कुठलं चित्र नक्की कोणाचं ह्याच्या पूर्ण, तपासलेल्या याद्या मोजक्याच. नेटवर फिरणारे फोटो गोळा केले तर त्यात काय काय येतं ते बघा. हातात समई घेतलेल्या, हाताने ज्योत झाकणाऱ्या बाईचं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लाखो लोक ते रविवर्म्यांचं म्हणून फॉरवर्ड करतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं, १९४५-४६ च्या सुमाराचं, त्यांची मुलगीच समोर उभी होती. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, म्हणजे चित्र त्यांच्या मागून चाळीस वर्षांनी झालं! आता विचार करा, यंत्राला हा फोटो ‘रविवर्मा’ म्हणून खाऊ घातला, आणि असे अजून पन्नास, तर ते काय शिकेल. आणि हळदणकरांसारख्या माणसाचं अख्ख्या आयुष्याचं काम त्याच्या नावाखालून निघून जातं ते वेगळंच. मला ह्याचं दुःख टक्क्यांपेक्षा जास्त होतं.

बरं, रविवर्म्यांच्या खऱ्या चित्रांतही हात एकच नाही. धाकटा भाऊ राजा राजा वर्मा स्वतः उत्तम चित्रकार होता, दोघं एकत्र फिरायचे, एकत्र काम करायचे, एकाच चित्रावर दोघांचे हात लागलेले आहेत. अशा चित्रात मागचा डोंगर भावाने काढला असेल आणि चेहरा थोरल्याने, तर यंत्राने किती टक्के सांगायला हवं? सही मात्र थोरल्याची, आणि त्या काळात त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं. मग त्यांची चित्रं बघून हुबेहूब काढणारे संस्थानांतले चित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून बाहेर पडलेले, नकला काढूनच हात बसवलेले लोक. त्यांनी फसवायला काढलं नव्हतं. राजेसाहेबांना किंवा देसायांना हवं होतं म्हणून काढून दिलं, कधी खाली स्वतःची सही केली कधी नाही. पन्नास-साठ वर्षांनी कोणीतरी त्याच्यावर मोठं नाव घातलं आणि तिथून खोटेपणा सुरू झाला. चित्र तेच, त्याबद्दलचा दावा खोटा. यंत्र चित्राचा फोटो बघतं, दावा कधी आणि कोणी चिकटवला ते त्याला फोटोत कुठून दिसणार.

आपल्याकडे ह्या धंद्याची पाळंमुळं किती खोल आहेत त्याची दोनच उदाहरणं सांगते. जानेवारी २००९ मध्ये एस. एच. रझा दिल्लीत स्वतःच्याच सुरुवातीच्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, भिंतीवरची चित्रं बघितली आणि म्हणाले ही माझी नाहीत. चित्रकार जिवंत होता म्हणून कळलं. २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथ टागोरांची म्हणून लावलेली वीस चित्रं बनावट निघाली. आणि किमती तर कुठे गेल्यात, आपल्या वासुदेव गायतोंडेंचं १९७० चं एक चित्र सप्टेंबर २०२५ मध्ये लिलावात ६७ कोटींना गेलं. नागपूरला जन्मलेला, गिरगावातल्या चाळीत वाढलेला, वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास पुरे करणारा माणूस. इतकं कमी काम आणि इतका पैसा म्हटल्यावर खोटी येणारच, आणि यंत्राला शिकायला मात्र तीच थोडीशी खरी चित्रं, त्यातली बरीचशी खासगी घरांत कुलुपाआड.

मग आम्ही काय करतो? आम्ही वस्तू बघतो. चित्र ही वस्तू आहे हे फोटो बघून बघून लोक विसरत चाललेत. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारला की जुनं राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी काळी दिसते. माझ्याकडे एका घरातून एक निसर्गचित्र आलं होतं, खाली मुंबईच्या एका फार मोठ्या जुन्या चित्रकाराची सही. सगळं चित्र हिरवट चमकत होतं आणि सही तेवढी काळी, वॉर्निशच्या वर तरंगत असल्यासारखी, म्हणजे वॉर्निश वाळून जुनं झाल्यावर कोणीतरी ती केली होती. चित्र छानच होतं, जुनंही होतं, नाव उसनं होतं. त्या घरच्यांनी आधी एका दुकानातून त्याचा फोटोवरचा रिपोर्ट आणला होता आणि त्यात आकडा ९० च्या वर होता. सांगताना मला वाईट वाटलं, आजोबांनी जमीन विकून ते घेतलं होतं.

दुसरं म्हणजे रंग. टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग चित्रकारांच्या हातात साधारण १९२० नंतर आला, त्याआधी शिशाचा सफेता आणि जस्ताचा सफेता. म्हणजे रविवर्म्यांच्या चित्राच्या मूळ थरात टिटॅनियम सापडला तर विषय संपला, तो रंग त्यांच्या हयातीत मिळतच नव्हता. मात्र ‘मूळ थरात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण १९६० मध्ये कोणी डागडुजी केली असेल तर वर टिटॅनियम येऊ शकतो, म्हणून टाचणीच्या टोकाएवढा नमुना उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजावे लागतात. जर्मनीतला बेल्ट्राकी नावाचा खोटी चित्रं काढणारा ह्याच पांढऱ्यावर पकडला गेला. त्याने काम्पेनडोंक ह्या जर्मन चित्रकाराच्या नावाने १९१४ चं म्हणून काढलेलं घोड्यांचं चित्र २००६ मध्ये २८ लाख युरोंच्या वर विकलं गेलं होतं, आणि त्याने वापरलेल्या जस्ताच्या सफेत्याच्या ट्यूबमध्ये थोडा टिटॅनियम मिसळलेला होता, ट्यूबवर लिहिलेलं नव्हतं. २०११ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. जाणकारांचे डोळे मात्र त्याने वर्षानुवर्षं फसवले होते. हे मी मुद्दाम सांगतेय कारण डोळाही चुकतो. १९३७ मध्ये ब्रेडियस नावाच्या हॉलंडमधल्या सगळ्यात मानाच्या जाणकाराने एका चित्राला वर्मीर ह्या जुन्या डच चित्रकाराची सर्वोत्तम कृती म्हटलं आणि ते फान मेगरेन नावाच्या नकलाकाराने नुकतंच काढलेलं होतं, रंग लवकर कडक व्हावा म्हणून त्यात बेकलाइट हे प्लास्टिकसारखं रसायन घालून. म्हणून मी यंत्र टाकाऊ आणि माणूस थोर असं म्हणत नाहीये.

आणि रंग तपासण्याचीही मर्यादा सांगून ठेवते. साहित्याची तपासणी ‘नाही’ ठामपणे सांगू शकते, ‘हो’ कधीच नाही. सगळे रंग १९०० च्या आधीचे निघाले तर एवढंच कळलं की चित्र त्या काळचं असू शकतं, कोणाचं ते नाही.

म्हणून तिसरी गोष्ट लागते, चित्राचा प्रवास. कोणाकडून आलं, कधी, कुठे टांगलं होतं, कोणाच्या लग्नाच्या फोटोत मागच्या भिंतीवर दिसतं का. आमच्यात ह्याला प्रोव्हेनन्स म्हणतात. आणि इथे एआयची मला खरी भीती वाटते, चित्र काढण्यापेक्षा जास्त. इंग्लंडमध्ये १९८०-९० च्या दशकांत जॉन ड्रू नावाच्या माणसाने मायट नावाच्या चित्रकाराकडून खोटी चित्रं काढून घेतली, पण त्याचं खरं कसब चित्रांत नव्हतंच, त्याने टेटसारख्या संग्रहालयांच्या दफ्तरांत शिरून खोटी कागदपत्रं घुसवली होती म्हणजे नंतर तपासायला येणाऱ्याला ती तिथेच ‘सापडावीत’. त्याला त्यासाठी वर्षं घालवावी लागली. आज जुन्या पावतीचं चित्र, मोडीसारखं दिसणारं पत्र, पिवळा पडलेला फोटो दुपारभरात तयार होतो. मागच्या वर्षी एकाने मला १९३२ ची म्हणून एका संस्थानाच्या खजिन्याची पावती मोबाईलवर दाखवली, मी मूळ कागद आणा म्हटलं, तो परत आला नाही. कागद हातात घेतल्याशिवाय मी आता काहीच मानत नाही, कारण कागदालाही पाठ असते, घड्या असतात, आणि १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा आणणारं रसायन असतं ते टॉर्चखाली निळं पेटतं.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. तो प्रश्न चांगला आहे आणि मी त्यावर बरंच झगडले आहे.

एआय शैलीत काढतं हे खरंच. २०१६ मध्येच हॉलंडमध्ये रेम्ब्रांटच्या ३४६ चित्रांवरून संगणकाने एक ‘नवा रेम्ब्रांट’ केला, टोपीवाला माणूस, रंगाचे उंचवटे यावेत म्हणून थरावर थर देऊन छापला. बघायला चकित व्हायला होतं. पण मी चित्राच्या आत बघणारी बाई आहे. जुन्या चित्राचा इन्फ्रारेड फोटो काढला की रंगाखालची मूळ रेखाटनं दिसतात. एका व्यक्तिचित्राचं काम करताना मला दिसलं की बाईचा डावा हात आधी खुर्चीच्या हातावर ठेवलेला होता, चित्रकाराने तो पूर्ण रंगवून मग झाकला आणि मांडीवर आणला, त्याने काय झालं तर ती बाई आधी बसलेली होती ती आता वाट बघत बसलेली झाली. त्या दिवशी मी बराच वेळ काम थांबवून नुसती बसले. कोणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहून, एवढी मेहनत करून, ‘नाही, हे नाही’ असं म्हणाला होता आणि ते मला दिसत होतं. माझ्यासाठी निर्मिती म्हणजे ही जागा. नक्कल करणाऱ्याचं मन सहसा बदलत नाही, त्याला शेवट आधीच माहीत असतो म्हणून त्याच्या चित्राखाली बहुधा सगळं सरळ असतं. एआयच्या चित्राला तर खालचा थरच नाही. गायतोंडे रोलर आणि सुरीने थर द्यायचे, काढायचे, परत द्यायचे, त्यामुळे त्यांच्या कॅनव्हासमध्ये उजेड आतून आल्यासारखा वाटतो, आणि एका चित्रापाशी महिनोन्‌महिने विचार करत बसायचे. त्याचा फोटो यंत्र हजारदा बनवेल, ते बसणं त्यात कुठून येईल?

मुलाला सांगा, एआयने काढलेलं चित्र त्याला आवडलं तर जरूर लावू दे भिंतीवर, त्यात काही चूक नाही, फक्त खाली दुसऱ्याचं नाव घालू नये. चूक तिथे होते.

आणि यंत्राचा उपयोग मी स्वतः करते हेही सांगायला हवं. बेल्जियममधल्या घेंट शहराच्या चर्चमधल्या प्रसिद्ध वेदीचित्रात एकाच फळीच्या दोन्ही बाजू रंगवलेल्या आहेत, त्यामुळे एक्स-रेत दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळून यायची, २०१९ मध्ये संशोधकांनी एआयने ती वेगळी केली, डोळ्याला कधीच जमलं नसतं. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’च्या कडा १७१५ मध्ये भिंतीवर मावेना म्हणून कापल्या होत्या, २०२१ मध्ये जुन्या लहान प्रतीवरून त्या एआयने परत बनवून तात्पुरत्या बाजूला लावल्या आणि लोकांना कळलं की मूळ मांडणी किती वेगळी होती. तिथे सगळ्यांना सांगितलेलं होतं हे यंत्राचं काम आहे. मीही भेगांचे नकाशे काढायला, दोन सह्यांची वळणं शेजारी ठेवून बघायला ते वापरते. फार मदत होते. मात्र ते मला कुठे बघायचं ते दाखवतं, बघायचं काम माझंच राहतं.

तर तुम्ही आता काय करायचं. चित्र पुसू नका, ओल्या फडक्याने नाही, बटाट्याच्या फोडीने तर मुळीच नाही, हा उपाय कोणीतरी सांगेलच, त्याने पिष्ट आणि पाणी भेगांत जातं आणि पुढे बुरशी धरते, असं झालेली चित्रं मी कितीतरी दुरुस्त केलीत. टेबलावर मऊ चादर घाला, दोघांनी धरून चित्र पालथं ठेवा, रंग सुटत असेल तर तेही करू नका, नुसतं भिंतीला उभं टेकवून मागून बघा. मागे पुठ्ठा आहे, लाकडाची फळी आहे की कॅनव्हास, खिळे कसले, गंजलेले की नवे चकचकीत, फ्रेमवाल्याची चिठ्ठी आहे का, शाईने काही लिहिलंय का, हे सगळं उजेडात फोटो काढून ठेवा. सासऱ्यांच्या पिढीतलं कोणी असेल तर आज-उद्यातच जाऊन विचारा चित्र कधीपासून आठवतं, आणि बोलणं रेकॉर्ड करा, पुढच्या वर्षी विचारू असं करू नका. लग्नामुंजीचे जुने अल्बम काढा.

मग चित्र घेऊन, फोटो नव्हे, प्रत्यक्ष चित्र घेऊन संवर्धनाचं काम करणाऱ्याकडे जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. जो कोणी रिपोर्ट देईल त्याला विचारा, तुम्ही चित्र प्रत्यक्ष पाहिलंत का, मागची बाजू पाहिलीत का, यंत्र वापरलं असेल तर त्याला रविवर्म्यांची म्हणून नेमकी कुठली चित्रं शिकवली आणि ती खरी आहेत हे कोणी ठरवलं, आणि ह्या चित्राच्या विक्रीत तुमचा वाटा आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

तोवर भिंगाखाली काय दिसतं आणि मागच्या बाजूला काय आहे ते मला कळवा, मी बघून सांगते. आणि त्या घेणाऱ्याला म्हणावं चित्र विकायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही.